वाकडा माड

क्रेन आणि ट्रक घेऊन आलेल्या कंत्राटदार चिनने दारातल्या वाकड्या माडाच्या बुंध्याला खुणेचा लाल रंग फासला तेव्हा छाइलान बदकांना कोंडा घालत होती. घमेलं तिथंच टाकून ती कोयता घेऊन धावली.

"अहो, सरळ माड न्या की! बांधावर वीस-पंचवीस उभे आहेत."

"सरळ काय चुलीत घालू, वहिनी? पाहुण्यांना वाकडा लागतो. हॉटेलच्या तलावावर झुकलेला. त्यावर बसून फोटो काढतात."

वाकडा माड तिचा होता. हैनानच्या या किनाऱ्यावर नवरी कोंब फुटलेला नारळ घेऊन सासरी येते आणि दारात लावते. घर नवऱ्याचं, जमीन नवऱ्याची, माड तेवढा तिचा. वादळानं एकदा तो आडवा पाडला, तर तिनं टेकू देऊन जगवला होता.

"मी विकलाय तो," तिचा नवरा वनफू म्हणाला. "माझ्या दारात उभा आहे म्हणजे माझाच."

"तुझा? नारळ माझ्या माहेरचा आणि झाड तुझं? जळ्ळं तुझं तोंड!"

वनफूने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली जाळ काढला. ओठ फुटला. तिच्या हातातला कोयता बघून क्रेनवाला दोन पावलं मागं सरकला. पण तिनं तो कमरेला खोचला आणि खाचांवर पाय देत सरसर माडावर चढली.

पहिला नारळ क्रेनच्या काचेवर बसला. दुसरा वनफूच्या खांद्यावर. हाड मोडलेलं तिला वर ऐकू आलं आणि, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

"उतर खाली, सटवे!" तो बोंबलला. तिनं तिसरा हाणला.

चिन ट्रकखाली घुसून ओरडत होता, "टाका वहिनी, सगळे टाका! हॉटेलवाले नारळ काढूनच घेतात, पाहुण्यांच्या टाळक्यात पडायला नकोत. आमचंच काम वाचलं!"

छाइलान थांबली. मग तिनं कोयता शेंड्यात घातला. माडाला कोंब एकच; तो गेला की दुसरा फुटत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला भडभडून आलं, तरी हात थांबेना. कोंबाचा हातभर लांबीचा पांढरा गाभा उपसून काढला तेव्हाच ती खाली उतरली. गाभा आणि कोयता तिनं चिनच्या पायाशी फेकले.

"घ्या. मारला मी त्याला. आता न्या मढं!"

चिन ट्रकखालून बाहेर आला. माडांच्या धंद्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्यानं गाभ्याकडे पाहिलं, मान वर करून जुन्या झावळ्यांकडे पाहिलं, आणि बोटांवर दिवस मोजले.

"महिनाभर तरी हिरवा राहील," तो म्हणाला. "उद्घाटन पुढच्या आठवड्यात आहे. टाक रे पट्टा."

पट्टा कुठं बसेल ते क्रेनवाला वर बघायला लागला. चिन वर बघत होता. वनफूसुद्धा मोडका खांदा धरून वरच बघत होता. छाइलानने चिनच्या पायाशी पडलेला कोयता परत उचलला, ते कुणालाच दिसलं नाही.