पंचविसावा शॉट

"गेला का?" सरांनी विचारलं.

जाळीचा सळ्ळ आवाज आला होता. "गेला!" ती म्हणाली.

रोज असंच. सर बास्केटबॉलच्या रिंगच्या खांबाला टेकून उभे राहायचे, किल्ल्यांचा जुडगा खांबावर टकटक वाजवायचे आणि प्रत्येक जंप शॉटनंतर तिलाच विचारायचे. रिंगखाली उभा असलेला माणूस असं का विचारेल? नक्कीच संशय आलाय!

कारण तिला रिंग दिसतच नव्हती. थ्री-पॉइंटच्या रेषेवरून तर नुसता केशरी डाग. चष्मा लागला की खेळ बंद, असं आईनं ताईच्या वेळीच ठणकावलं होतं. म्हणून ती कानांनी खेळायची. टकटक येईल तिकडे नेम. सळ्ळ म्हणजे गेला, ठण्ण म्हणजे हुकला. मग बॉल आपटत जाईल तिकडे धूम.

"हुकतात ते अंतर कमी पडून," सर म्हणाले. "तुझे बूट आधी टेकतात, बॉल मागून सुटतो. ऐकू येतं मला. गुडघ्यांतून जोर काढ, वर असतानाच सोड. बॉल रिंगमध्ये टाकायचाय बाई, लांबून नमस्कार नाही करायचा!"

ती हसली. खोटंखोटं.

आज निवड होती: तीसपैकी पंचवीस गेले तरच संघात. चोवीस गेले होते, पाच हुकले होते. उरला एक.

ती वाकली, उडाली, वर असतानाच मनगट झटकलं. काय सुटला होता बॉल!

धप्प.

मग काहीच नाही. सळ्ळ नाही, ठण्ण नाही. खाली आपटल्याचाही आवाज नाही.

"गेला का?"

हाच तो सापळा. खोटं बोलावं तर आत्ताच पकडली जाणार. खरं सांगावं तर चष्मा, आई, सगळं खलास.

"ग... गेला, सर."

मग वहीत जाड मार्करची रेघ ओढल्याचा आवाज आला.

"पंचवीस! आलीस संघात, वाघीण! आण बॉल."

ती रिंगखाली गेली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बॉल नाही.

"सापडेना होय?" किल्ल्या खिशात टाकून सर पुढे आले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागले. "तू तरी नीट बघ गं," ते हळूच म्हणाले. "तुझे डोळे तरुण आहेत. आणि हे कुणाला बोलू नकोस हं."

तीही त्यांच्या शेजारी बसून चाचपू लागली. दोघांच्या बरोब्बर डोक्यावर, रिंग आणि बोर्डाच्या बेचक्यात, बॉल अडकून बसला होता.