रायफलचं वजन

सुबोधला बंदुकांचं भारी वेड. कुठल्याही रायफलचं वजन तो ग्रॅममध्ये सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. सिंगापूर आर्मीचं ओपन हाउस लागलं की हा सकाळी नवालाच रांगेत, आणि बायको-पोरांबरोबर मलाही ओढत नेतो.

यंदा दीड तास उन्हात भाजून निघाल्यावर मी म्हटलंच, "अरे, हल्ली यूट्यूबवर सगळ्या बंदुका अगदी उघडून दाखवतात. एवढी तंगडतोड कशाला?"

"पडद्यावर बघून काय कळणार तुला!" तो कीव आल्यासारखा हसला. "रायफलचं वजन खांद्यावर पडल्याशिवाय माणसाला शिस्त लागत नाही."

मग दोन मिनिटं ते वजन खांद्यावर घेऊन त्याने सतरा फोटो काढून घेतले. एमआरटी मेट्रोत बसायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बदललेला होता.

त्याचा सोळा वर्षांचा निमिष बापाचं सगळं ऐकत होता. डबा रिकामाच होता, तरी उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, आपण इथली पर्मनंट रेसिडेन्सी, पीआर घेतोय ना? मग एटीनला मला पण आर्मीत जावं लागणार. कम्पल्सरी! टू इयर्स, रोज रायफल. शिओक लाह, एकदम झकास!"

सुबोध खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बोगदा होता.

त्याच आठवड्यात त्याने पीआरचे अर्ज भरले. स्वतःचा, बायकोचा आणि मुलीचा.