एका दिवसाचा रस्ता

"बाबा, आता तरी मला चालवू द्या," मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

"तू गप बस आणि रस्ता सांग," चष्मेवाले म्हणाले.

दोघं पहाटे निघाले होते आणि आता ऊन कलायला लागलं होतं. चष्मेवाल्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, कमरेचा पार काटा ढिला झाला होता. उभ्या हयातीत त्यांची गाडी घर ते दुकान आणि दुकान ते घर यापलीकडे गेली नव्हती. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात जन्म गेला, आणि आज स्वतःच्याच डोळ्यांवर झापड येत होती. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला कोण काय सांगणार! अख्खा रस्ता एका दिवसात आणि एकट्यानं गाडी चालवत जाणार, असं त्यांनी घरी जाहीर केलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "या वयात?" मग ती मुकाट्यानं पिशवी भरायला बसली. रक्तदाबाच्या गोळ्या, स्वेटर, दोन टॉवेल, जुनी मऊ चादर. बापाची पिशवी मुलाच्या पिशवीपेक्षा फुगली.

पोराला नोकरी लागली होती. चार वर्षं उंबरे झिजवून लागली होती, आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. मागच्या महिन्यात याच रस्त्यानं तो गाडी घेऊन एकटा मुलाखतीला गेला आणि काम फत्ते करून आला. चष्मेवाल्यांनी तेव्हा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर ही बातमी फुकट दिली होती. मग परवा साहेबांचा फोन आला. आज सहाच्या आत समोर हजर व्हा, म्हणाले. या भेटीत काही बिनसलं तर हातातोंडाशी आलेला घास जाणार, हे घरात तिघांनाही कळत होतं. त्या रात्री कुणी जेवलं नाही.

"चहा कुठे प्यायला होतास?"

"ते काय, समोर निळा पत्रा दिसतोय ना, तिथे."

चष्मेवाल्यांनी गाडी थांबवली. उतरताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

"कुठल्या टेबलाशी बसला होतास?"

"बाबा, काय फरक पडतो?"

"मला तिथंच बसायचंय."

मुलानं खिडकीजवळचं टेबल दाखवलं. मालक चहा घेऊन आला तसे चष्मेवाले हसून म्हणाले, "महिन्यापूर्वी येऊन गेलेलं गिऱ्हाईक ओळखता का हो तुम्ही?"

"कसलं ओळखतोय! दिवसाला शेकड्यानं तोंडं बघतो. उद्या बायको आली तरी आधी चहा किती विचारीन."

चष्मेवाले नको इतके खूश झाले. सुटे पैसेसुद्धा त्यांनी परत घेतले नाहीत. मुलगा कपाकडे बघत बसला. त्याचा चहा तसाच निवून गेला.

पुढे रस्ता सरळसोट होता, आणि सरळ रस्त्यासारखं झोप आणणारं दुसरं काही नाही. चष्मेवाल्यांनी काच खाली केली, तोंडावर पाणी मारलं, मोठ्यानं पाढे म्हटले. पाढे संपले की प्रश्न सुरू व्हायचे. पेट्रोल कुठे भरलंस? पुलावर गर्दी होती का? ऊन कुठल्या बाजूनं येत होतं? मुलगा तुटक उत्तरं द्यायचा, आणि चष्मेवाले ती शाळकरी पोरासारखी पुटपुटत घोकायचे.

"मी थोडा वेळ तरी घेतो ना, बाबा. तुमचे हात थरथरताहेत."

"थरथरू देत."

"बाबा, अजून वेळ गेलेली नाही. आपण मागे फिरू."

"आणि चार वर्षांची मेहनत? ती पाण्यात घालू? तुझी आई तिकडे देव पाण्यात घालून बसलीय."

मुलगा खिडकीकडे वळला. चष्मेवाल्यांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि ते सोडले तर पुन्हा उचलतील याची खात्री नव्हती. पोरगा लहानपणी आजारी पडला की असाच भिंतीकडे तोंड करून निजायचा.

डोंगराला वळसा घालणाऱ्या एका वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"ये, पाय मोकळे कर."

"नको. मळमळतंय मला," मुलगा डोळे घट्ट मिटून म्हणाला.

चष्मेवाले एकटेच उतरले. रस्त्याच्या कडेनं थोडं पुढे गेले, उभे राहिले, परत आले. बराच वेळ त्यांनी गाडी सुरूच केली नाही.

"रस्त्याला एक दिवा नाही बघ," ते शेवटी म्हणाले. "दिवेलागणीला इथे चांगल्या नजरेच्या माणसालाही काही दिसायचं नाही."

मुलाचे खांदे हलत होते.

सहाला थोडा अवकाश असताना ते पोचले. इमारत बैठी होती, बाहेर लाकडी बाक होता. चष्मेवाल्यांनी आरशात बघून केस सारखे केले. फुगलेली पिशवी काखेला मारली. पाय जमिनीवर टेकले तरी गाडी अजून चालतेच आहे असं त्यांना वाटत होतं.

"बाबा, नका ना."

"तू तोंड उघडायचं नाही. जे बोलायचं ते मी बोलणार. सोमवारी वेळेवर जा. आणि आईला रोज फोन करत जा."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली होती. चष्मेवाल्यांना त्यांनी बसायला सांगितलं. मुलगा दाराशीच उभा राहिला.

"मागच्या महिन्यात वळणावर सायकलवाल्याला उडवून पळाली ती गाडी तुमचीच ना? माणूस जागच्या जागी गेला."

"माझीच, साहेब."

"चालवत कोण होतं?"

"मी. पोराला मुलाखतीला आणत होतो. तो मागे झोपला होता."

साहेबांनी त्यांचे पिकलेले केस पाहिले. मग थरथरणारे हात पाहिले.

"एवढं अंतर? एका दिवसात, एकट्यानं, या वयात? कुणाला सांगताय?"

"आजही तसाच आलोय, साहेब," चष्मेवाले म्हणाले. "विचारा पोराला."