नामपूर मुक्काम

सोमवारी सकाळी उत्तराने मोटारसायकल फाटकाबाहेर काढली आणि मोबाइलवर मीटरचा फोटो घेतला. फोटोच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे तिचा अंगठा आला. तिची मुलगी मृण्मयी मागे बसली. तिचं ऑफिस आईच्या वाटेवर नव्हतं. तरी आई तिला सोडूनच पुढे जायची आणि तेवढे किलोमीटर कंपनीच्या बिलातून वजा करायची.

उत्तरा कांद्याचं बियाणं विकणाऱ्या कंपनीत होती. दिंडोरी, कळवण, सटाणा, आणि रात्री मुक्काम नामपूर. मृण्मयी एका सीएकडे लोकांचे रिटर्न भरायची. त्यामुळे रस्ताभर वाद ठरलेला. दौऱ्यावर जेवढा खर्च होतो तेवढ्या भत्त्यावर टॅक्स नाही, कंपनी लॉजचे पैसे द्यायला तयार आहे, आणि आई राहणार नामपूरच्या ओळखीच्या चतुराबाईंच्या घरी, फुकट. स्टँडजवळच्या लॉजचं बिल आणायला काय जातं, सगळेच आणतात, असं मृण्मयीचं म्हणणं. उत्तरा हेल्मेटमधूनच म्हणाली, की मी झोपणार चतुराबाईंकडे आणि बिल फाडणार लॉजवाला, मग घोरलं कोण असं लिहायचं?

ऑफिससमोर मृण्मयी उतरली. उत्तराने रोजचा प्रश्न विचारला.

"कशी चालवते मी?"

"मागे रिक्षावाला बोंबलतोय, आई. जा आता."

उत्तरा हसली आणि गेली. त्या रात्री ती चतुराबाईंकडे झोपली. सकाळी उठली नाही.

तेरावं झाल्यावर मृण्मयी गाडी आणायला नामपूरला गेली. कंपनीने पिकअप दिली होती, ड्रायव्हर दिला होता, आणि सोबत अकाउंट्समधला सुनील. चतुराबाईंच्या पडवीत मोटारसायकल गोणपाटाखाली उभी होती. कुणीतरी ती पुसून ठेवली होती. आरसेसुद्धा.

चतुराबाई बाहेर आल्या. त्यांनी मृण्मयीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू उत्तराताईनी पोर शे ना?"

मृण्मयीने मान हलवली. चतुराबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला.

सुनीलने पिशवीतून मॅडमचं शेवटचं बिल काढलं. ते आज इथेच पूर्ण करून न्यावं, असं त्याच्या मनात होतं. मग तो चाचरत म्हणाला, की एवढ्या वर्षांत मॅडमनी लॉजचा पैसा कधी घेतला नाही. आता निदान या वेळचा तरी घ्यावा. स्टँडवरचा लॉजवाला ओळखीचा आहे, बिल पाच मिनिटांत मिळेल. रक्कम मर्यादेतलीच, टॅक्सचा प्रश्न नाही. आणि दौरा घरापासून घरापर्यंत धरतात, तेव्हा परतीचे किलोमीटरही लावू. कुणी विचारणार नाही.

तो हे मनापासून म्हणत होता. मृण्मयीने स्वतः हेच किती वेळा सांगितलं होतं.

तेवढ्यात चतुराबाई आतून वहीचा कागद आणि पेन घेऊन आल्या. त्या दिवशी पावती द्यायची राहून गेली, म्हणाल्या. खाटेच्या कडेला बसून त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कागद मृण्मयीच्या हातात दिला.

'उत्तराताई रात्री आमच्या घरी मुक्कामी होत्या. भाकरी आणि पिठलं जेवल्या. पैसे घेतले नाहीत.' खाली सही.

कागद बघून सुनीलला हसू आलं, आणि लगेच त्याने चष्मा काढून पुसला. रात्र कुठे काढली हे कळल्याशिवाय कंपनी दुसऱ्या दिवशीचे किलोमीटर धरत नाही, तो सांगू लागला. मग मॅडम दर वेळी चतुराबाईंकडून हे लिहून आणायच्या. आधी ऑफिसात सगळे चिडवायचे, पिठलं आज तिखट होतं का मॅडम, म्हणून. आता नवी पोरं कामाला लागली, की साहेब त्यांना लॉजची बिलं दाखवत नाहीत. या पावत्या दाखवतात.

"हे आईला माहीत होतं?" मृण्मयीने विचारलं.

"माहीत होतं की. म्हणायच्या, माझ्या मुलीला नका सांगू, ती सीएकडे आहे. ती चुका काढेल."

मृण्मयीने कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिने तो सुनीलच्या बिलाला लावला.

"आई लॉजवर राहिली नव्हती," ती म्हणाली. "हीच पावती जाईल."

चतुराबाईंना तिने सहज विचारलं, की त्यांनी कधीच पैसे कसे घेतले नाहीत. त्या चहाची कपबशी पुढे करत म्हणाल्या, "पैसा कसाना? घरनीच शे ती."

पिकअपचा ड्रायव्हर मोटारसायकल वर चढवायला फळी लावू लागला. मृण्मयीने त्याला थांबवलं. मोबाइल काढून मीटरचा फोटो घेतला. फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा आला. तिने तो पुन्हा काढला नाही.

"मॅडमचे किलोमीटर इथपर्यंत," तिने सुनीलला सांगितलं. "पुढचे माझे. ते बिलात नकोत."

"ताई, घाट आहे. तुम्हाला जमेल?"

"देवळालीच्या रस्त्यावर तिनेच शिकवलंय."

गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. गावाबाहेर समोरून कांद्याचा ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने लांबूनच गाडी ओळखली आणि सवयीने हात वर केला. जवळ आल्यावर त्याला चेहरा दिसला. पण त्याने हात खाली घेतला नाही.

मृण्मयीनेही हात वर केला. मग हँडल नीट धरलं आणि मोठ्याने म्हणाली,

"छान चालवायचीस, आई."