कानावरचा लाल डाग

"हा लाल डाग बघा." डॉक्टरांनी पडद्यावरच्या मेंदूच्या चित्रावर पेन टेकवलं. "तुम्ही बटण दाबून आवाज आल्याचं कळवलंत, तेव्हा आत मशीनच्या खडखडाटाशिवाय काही नव्हतं. तरी कानावरचा, ऐकण्याचा भाग असा पेटला. बोलणारा कुणी नाही, नागप्पा. तुमचाच मेंदू बोलतो आणि तोच ऐकतो. या आजारात असं होतं."

नागप्पा पडद्याकडे नाही, बायकोकडे, शिवकांताकडे बघत होता.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि उदगीरचा नवा जिल्हा अफवेनं. कशावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न काही एकट्या नागप्पाला पडला नव्हता. पण त्याच्या कानातल्या आवाजानं थेट शिवकांताचं नाव घेतलं होतं: ती पाण्यात काहीतरी कालवते. तेव्हापासून तो तिच्या हातचं पाणी पीत नव्हता. शेजाऱ्यांच्या रांजणावर जायचा, आणि टँकरच्या दिवसांत शेजारीही तोंड फिरवायला लागले होते.

शिवकांता खाली मान घालून बसली होती. हातात दिलेली गोळी तो थुंकायचा, म्हणून ती कुटून पाण्यात टाकायची. हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मग त्या आवाजाला कसं कळलं, हे तिलाच कोडं पडलं होतं.

"म्हंजी आवाज खोटा?" नागप्पानं विचारलं.

"साफ खोटा."

"मग हिला गळ्यातलं लिंग हातात घिऊन सांगू द्या, पाण्यात कालवती का न्हाई ते."

शिवकांतानं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं. नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा, अशी डॉक्टरांनी तिला मानेनंच खूण केली. तिच्या माहेरी-सासरी लिंग हातात धरून आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. निदान सापडलं तरी नव्हतं. तिची जीभ रेटेना.

"व्हय," ती म्हणाली. "कालवते मी. दवाखान्याची गोळी असती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

डॉक्टरांचं पेन हवेतच राहिलं.

नागप्पा तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"आला बघा, डाक्टरसाहेब! तोच. आज हिच्या आवाजात बोलायलाय. साफ खोटा."

त्यानं तिच्या पिशवीतली घरची बाटली काढली, गटागटा रिकामी केली आणि ओठ पुसत म्हणाला,

"नुसतं पाणी हाय की."