आमच्यासारखी सुरक्षा

"सही करण्याआधी नीट वाचत जा गं," असं सासूबाई नेहमी सांगायच्या, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींनी सहीसाठी आणलेला अर्ज पूर्ण वाचला. समोरच्या शॉपिंग सेंटरमधून आमच्या सोसायटीतल्या लोकांच्या तीन छत्र्या, एक पर्स आणि सेक्रेटरींचा चष्मा चोरीला गेल्याची त्यात तक्रार होती. तिथल्या म्हाताऱ्या वॉचमनला काढा आणि आमच्या सोसायटीसारखी कडक सुरक्षा ठेवा, अशी मागणी होती.

"वहिनी, देवाचं नाव घ्या आणि करा सही," सेक्रेटरी म्हणाले.

"देवाचं नाव घेतलं म्हणूनच हात धजत नाहीये, भाऊजी."

तरी सगळ्यांबरोबर मीही शॉपिंग सेंटरच्या मॅनेजरकडे गेले. वॉचमनकाकांना बोलावलं, तर ते एक खोकं घेऊनच आले. लोक दुकानांत विसरून गेलेल्या तीन छत्र्या, पर्स आणि चष्मा, सगळं आत नीट ठेवलेलं.

"अहो, मग आणून द्यायला काय झालं होतं?" सेक्रेटरी कडाडले.

"दोनदा आलो होतो साहेब. पण तुमच्या गेटवर बाहेरचा माणूस आणि बेवारस वस्तू, दोन्हींना बंदी आहे."



सेक्रेटरींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, अर्ज घडी करून खिशात घातला, "बाकीचं मी घरोघरी पोचवतो, काका," असा शब्द दिला आणि खोकं उचलून निघाले.