ताटाभोवतीचं पाणी

"आई, बाबांच्या बशीशेजारी हे काय पडलंय?" लेकीने टीव्हीवर आमच्या युरोप सहलीचे फोटो लावले होते. हे गेल्यापासून मी ते बघितलेच नव्हते.

रोममध्ये पहिल्याच जेवणाला यांनी सवयीने पिझ्झ्याच्या ताटलीभोवती पाणी फिरवलं आणि उजवीकडे चित्राहुतीचे पाच कण ठेवले. पाणी सांडलं समजून वेटर फडकं घेऊन धावत आला. मी पुटपुटले, "अहो, इथे तरी नको. लाज वाटते." पुढे सहलीभर यांनी पाणी फिरवलं नाही. मला बरंच वाटलं होतं.

आता फोटो मोठा करून पाहिला. व्हिएन्नातल्या सफरचंदाच्या पेस्ट्रीशेजारी, कागदी रुमालाच्या आडोशाला, पाच कण. प्रागला पावाचे, पॅरिसला चीजचे. प्रत्येक फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय.

जेवायला बसल्यावर मी ताटाभोवती पाणी फिरवलं. सवय नव्हती, ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत गेला. लेक फडकं आणायला उठली.

"राहू दे," मी म्हटलं.